भिंत कुठवर पाडायची

चष्मेवाले आणि त्यांची बायको फारसे भांडत नसत, पण त्या वर्षी एका भिंतीवरून दोघांची चांगलीच जुंपली.

चष्मेवाल्यांचं दुकान बाजाराच्या वळणावर होतं आणि अख्खा गाव त्यांना चष्मेवाले म्हणायचा. सख्खी मेहुणीसुद्धा दारात आली की आधी विचारायची, "चष्मेवाले आहेत का घरात?" माणूस बोलका, गमत्या. चष्मा लावायला लाजणारी गिऱ्हाइकं ते अशी काही बोलण्यात गुंतवायचे की आरशात बघून नाक मुरडणारी बाई जाताना आणखी एक चष्मा सांगून जायची. बायको गावच्या वाचनालयात कामाला. तिला सगळे बाई म्हणत. उभा जन्म लोकांना "हळू बोला" म्हणण्यात गेल्यामुळे तिचा स्वतःचा आवाजही इतका खाली गेला होता की मांजर चालावं तसे शब्द यायचे. निदान चष्मेवाल्यांचं म्हणणं तसं होतं. "तू पुटपुटतेस," हे त्यांचं रोजचं पालुपद.

भांडण होतं ते स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांमधल्या भिंतीचं. लग्नानंतर काही वर्षांनी दोघांनी हे घर हौसेने बांधलं होतं. बाहेरच्या खोलीच्या बाजूने त्या भिंतीवर चष्मेवाल्यांनी स्वतःच्या हाताने फळ्या ठोकल्या होत्या. आता बाई म्हणत होती, ही भिंत काढून टाकू.

"कशाला?" चष्मेवाले विचारायचे.

"मोकळं वाटेल."

"आता काय कोंडून ठेवलंय का तुला? तळणाचा वास सोफ्यात मुरेल. मिक्सर लावलास की मला बातम्या ऐकू येणार नाहीत."

बाई दुसरं कारण द्यायची नाही, पण विषयही सोडायची नाही. चष्मेवाल्यांना त्याचंच नवल वाटायचं. कारण ही बाई साधी उशी बदलायची तरी तीन कारणं देणारी. आणि एवढी सबंध भिंत पाडायला तिच्याकडे कारण काय, तर मोकळं वाटेल!

तशात वाचनालयाच्या फळ्यावर एक सूचना लागली. आर्किटेक्ट मंडळींच्या संस्थेने एका रविवारी गावातली आणि गावाबाहेरची काही घरं लोकांना बघायला खुली ठेवली होती. या, बघा, घर बांधणाऱ्यांना आणि घरात राहणाऱ्यांना हवं ते विचारा. बाईने दोन पास आणले. चष्मेवालेही उड्या मारत तयार झाले, कारण त्यांचा बेत वेगळाच होता. भिंती पाडलेली घरं बायकोला दाखवायची, त्यातली गैरसोय तिच्या पदरात घालायची आणि विषय कायमचा मिटवायचा.

पहिलं घर टेकडीवर होतं. बाहेरून पांढरं, आतून त्याहून पांढरं. दारातून आत पाऊल टाकलं की समोर एकच भलीमोठी जागा. बैठक, जेवण, स्वयंपाक सगळं त्यातच, मध्ये नावाला भिंत नाही. एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच, खाली चकचकीत दगडाची फरशी. ओट्यावर साधा चमचा दिसत नव्हता.

"यांचे कांदे कुठे असतात?" चष्मेवाल्यांनी बायकोच्या कानाशी विचारलं. ते खुशीत होते. जे दाखवायला आणलं, ते पहिल्याच घरात सापडलं होतं.

पण थोड्याच वेळात त्यांची खुशी उतरली. घरात पंधरावीस माणसं होती आणि सगळ्यांचं बोलणं त्या दगडावर आणि काचेवर आपटून एकमेकांत मिसळत होतं. आर्किटेक्ट मधोमध उभा राहून हातवारे करत काहीतरी समजावत होता. लोक माना डोलावत होते, म्हणून चष्मेवाल्यांनीही मान डोलावली. त्यांना नुसता गलका ऐकू येत होता. मग घराचा मालक हसत हसत त्यांच्यापाशी आला आणि त्याने काहीतरी विचारलं. शेवटी "घरी किती" एवढंच त्यांच्या हाती लागलं.

"जेवायच्या वेळेपर्यंत पोचू," चष्मेवाले म्हणाले.

आजूबाजूचे लोक खो खो हसले. मालकही हसला. चष्मेवाले पण हसले, कारण हसणाऱ्यांत हसणारा कुणाला वेगळा दिसत नाही, हे त्यांना गेल्या काही वर्षांत नीट कळलं होतं. बाहेर आल्यावर बाई त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली, "घरी किती जण राहता, असं विचारत होते ते."

"ठाऊक आहे. मी विनोद केला."

बाई हसली नाही. तिने त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "चला, पुढचं घर बघू."

पुढचं घर दोन म्हाताऱ्या बहिणींचं होतं आणि ते त्यांच्या भाचीने बांधलं होतं. भाची स्वतः आर्किटेक्ट. घर इतकं साधं की दोघं आधी त्याच्यावरून पुढे निघून गेली. दार थोरल्या बहिणीने उघडलं आणि उघडल्या उघडल्या ठणकावून सांगितलं, "मला अजिबात ऐकू येत नाही! माझ्याशी बोलायचं असेल तर उजेडात उभं राहायचं आणि मिशीतल्या मिशीत बोलायचं नाही!"

चष्मेवाल्यांना मिशी नव्हती, तरी त्यांचा हात ओठावर गेला.

आत एक गोल टेबल होतं. खिडक्या अशा बाजूंना की बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडावा, पाठीवर नाही. जाड पडदे, खाली सतरंज्या, एक भिंत पुस्तकांनी भरलेली, छताला बुचाच्या लाकडाचे तुकडे जडवलेले. स्वयंपाकघराची भिंत होती, पण ओट्याच्या वर तिला दाराएवढी रुंद चौकट पाडलेली. त्या चौकटीत धाकटी बहीण चित्रासारखी उभी राहून चहा करत होती. थोरलीला हाक मारायची झाली की ती दिव्याचं बटण खटखट दाबायची. टेबलावरचा दिवा लुकलुकायचा आणि थोरली ओरडायची, "आले! बल्ब घालवशील!"

भाची सांगू लागली. चष्मेवाले सवयीने मान डोलवायला लागले आणि मध्येच थांबले. त्यांना ती काय म्हणते ते कळत होतं. शब्दन् शब्द.

"लोक माझ्याकडे येतात आणि म्हणतात, सगळ्या भिंती पाडून टाका," भाची म्हणाली. "मी म्हणते, आधी सांगा, तुम्हाला काय हवंय? मावशीला माणसांचे चेहरे हवे होते आणि धाकट्या मावशीला शांतता. भिंत सगळी काढली की आवाज मोकाट सुटतो. म्हणून चेहरा दिसेल एवढी उघडली, बाकीची ठेवली. पडदे आणि छतावरचं बूच आवाज शोषून घेतं. दिसायला फार काही नाही ते, पण राहणाऱ्याला कळतं."

बाकीची मंडळी मागची बाग बघायला गेली. बाई चहाच्या कपांना हात लावायला स्वयंपाकघरात गेली. चष्मेवाले थोरलीसमोर बसले. तिच्या चष्म्याच्या काचा इतक्या मळल्या होत्या की त्यांना राहवेना. "द्या इकडे," म्हणत त्यांनी तो मागून घेतला, खिशातला मऊ रुमाल काढला, काचा पुसल्या आणि चष्मा उजेडाकडे धरून बघितला. काचेपलीकडे ती चौकट होती आणि चौकटीत त्यांच्या बायकोचं तोंड.

"यांना कधीपासून कमी ऐकू येतंय?" धाकटी विचारत होती.

"झाली काही वर्षं," बाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच, मांजराच्या पावलांचा. तरी तो टेबलापर्यंत नीट आला. "त्यांना वाटतं, मला माहीत नाही."

"मग बोलत का नाही तुम्ही?"

"कसं बोलू? दिवसभर दुकानात लोकांना हसवत असतात. त्यांना कुणी कमी समजलेलं खपत नाही. माझं तोंड दिसलं ना, की त्यांना कळतं. म्हणून तर भिंत पाडा म्हणून मागे लागलेय. पण तसं सांगितलं तर दुखावतील हो. म्हणून म्हणते, मोकळं वाटेल."

चष्मा चष्मेवाल्यांच्या हातात तसाच राहिला. इतकी वर्षं आपण कसं बेमालूम निभावून नेलं, असं त्यांना वाटत होतं. आणि ही रोज सगळं बघत होती.

थोरलीला चष्म्यावाचून लांबचं लख्ख दिसत होतं. तिने चौकटीतलं सगळं बोलणं ओठांवरून वाचलं होतं. ती टेबलावरून पुढे वाकली आणि तिच्या मते कुजबुजली, म्हणजे अख्ख्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बायको चांगली मिळालीय हो तुम्हाला!"

चौकटीत कप खणकन वाजला. बाईचा चेहरा लाल झाला. चष्मेवाल्यांनी थोरलीचा चष्मा तिच्या नाकावर अलगद ठेवला आणि म्हणाले, "हो."

पासवर अजून एक घर होतं. तिकडे जायला दोघं बसथांब्यावर येऊन बसली.

"ती भिंत उघडू," चष्मेवाले म्हणाले. "सगळी नको. त्यांच्यासारखी, तोंड दिसेल एवढी."

बाई रस्त्याकडे बघत राहिली. मग काहीतरी आठवल्यासारखी त्यांच्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंत ना तुम्ही सगळं?"

"त्या घरात सगळंच ऐकू येत होतं, मी काय करू?" ते हसायला गेले, पण हसू काही नीट जमलं नाही. "तू आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

चष्मेवाल्यांनी रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "दुकानात लोकांना सांगतो, चष्म्याची कसली लाज," ते म्हणाले. "पण कानात यंत्र घातलं की लोक आपल्याशी ओरडून बोलायला लागतात. मग विनोद कुठला करायचा? माझा बाप शेवटी शेवटी नुसता कोपऱ्यात बसून राहायचा. त्याला कुणी काही विचारायचंच नाही."

बाईने त्यांच्या हातातला रुमाल काढून घेतला आणि आपल्या पर्समध्ये टाकला. "आता माझं ऐका. मागे एकदा मी ओट्याशी उभी होते. तुम्हाला म्हटलं, वाचनालय सोडावं असं वाटतंय. आठवतंय, तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणालो?"

"म्हणालात, हो, दोनच चमचे घाल."

चष्मेवाल्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग बाईच आधी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने ते पदराने टिपले, पण हसू काही थांबेना.

"सोडायचंय तुला वाचनालय?" त्यांनी विचारलं.

"आता नाही. तेव्हा वाटत होतं."

"का पण?"

आणि बाईने सांगितलं. बाकावर त्यांच्याकडे तोंड करून, मांडीवर पर्स धरून, सगळं पहिल्यापासून सांगितलं. नवा व्यवस्थापक आलाय, त्याला जुनी पुस्तकं म्हणजे अडगळ वाटते. त्याने तिचं टेबल उचलून आतल्या अंधाऱ्या खोलीत टाकलं. ती दोन दिवस तिथे खोक्यांमध्ये बसून रडली. मग नेहमी येणाऱ्या म्हाताऱ्या वाचकांनी व्यवस्थापकाला असं काही घेरलं की टेबल परत जागेवर आलं. चष्मेवाल्यांना यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ते मध्ये मध्ये विचारत होते, "मग?" "तू काय म्हणालीस त्याला?" "आणि तो गप्प बसला?" बस आली, दार उघडून थांबली, ड्रायव्हरने दोघांकडे बघितलं आणि तो निघून गेला. दुसरी बसही गेली. तिसरं घर त्यांनी बघितलंच नाही.

पुढे भाची येऊन घर बघून गेली. फळ्या काढायला चष्मेवाल्यांचा हात धजेना, तेव्हा तिने त्या खिडकीसमोरच्या भिंतीवर नेऊन लावल्या आणि त्यांत बाईची पुस्तकं ठेवायला सांगितली. गवंडी भिंतीला चौकट पाडत होता तेवढे दिवस घरभर धूळ उडत होती. दोघं अंगणात खुर्च्या टाकून जेवायची. चौकोनी टेबल शेजारणीला दिलं आणि गोल आणलं. जाड पडदे बाईने स्वतः शिवले. एक जरा आखूड झाला, तो तसाच लावला. आणि एके दिवशी दुकान अर्धा वेळ बंद ठेवून चष्मेवाले कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले.

यंत्र कानात बसल्यानंतर पहिले काही दिवस त्यांना जगाचा वैताग आला. वर्तमानपत्राची घडी कडकड वाजायची, नळ धो धो पडायचा, स्वतःच्या चपला स्वतःला ऐकू यायच्या. "लोक एवढ्या आवाजात जगतात कसे?" ते विचारायचे.

मग एका संध्याकाळी ते गोल टेबलाशी बसले होते. चौकटीपलीकडे बाई पाठमोरी उभी राहून भाजी चिरत होती. कुठूनतरी एक बारीक आवाज येत होता. आधी त्यांना वाटलं, यंत्रच कुईकुई करतंय. त्यांनी कानाला हात लावला. मग लक्षात आलं, बाई गुणगुणत होती. सूर धड लागत नव्हता, चाल मध्येच दुसऱ्याच गाण्यात शिरत होती, आणि अडलं की ती सुरीच्या ठेक्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही गुणगुणते हे त्यांना ठाऊक नव्हतं. पूर्वी ती गुणगुणत नसे. पूर्वी ती ओट्याशी उभी राहून त्यांच्याशी बोलत असे; त्यांना ऐकू येईनासं झालं, तेव्हाच कधीतरी बोलण्याच्या जागी हे गुणगुणणं आलं असावं.

ऐकू येतंय असं सांगितलं असतं तर ती लाजली असती आणि गप्प झाली असती. चष्मेवाल्यांनी वर्तमानपत्र अगदी सावकाश, आवाज न करता खाली ठेवलं आणि ते ऐकत बसले.