बदकं कशाने उडाली

ताईने पहाटे पाचला उठवलं, तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. तलावावर दर वर्षी पाणपक्ष्यांची मोजणी होते. नियम असा की दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडा जुळला तरच लिहायचा. तिची नेहमीची जोडीदार आजारी पडली, म्हणून माझी वर्णी लागली.

घोट्यापर्यंत चिखलात उभं राहून मी दुर्बीण डोळ्यांना लावली. समोर बदकंच बदकं, आणि एक जागेवर ठरेल तर शपथ. कसाबसा एकशे बारापर्यंत आलो, तर ताई कुजबुजली, "किती झाली रे?"

"एकशे बारा," म्हणालो, आणि पुढचं बदक कुठलं तेच विसरलो.

पुन्हा एकपासून. दोनशे चारला तिने थर्मास पुढे केला. "चहा घेतोस?" पुन्हा एकपासून. तीस वर्षं शाळेत पोरांना गप्प बसवलेल्या या बाईला स्वतःला दहा मिनिटं गप्प बसवत नाही.

तिसऱ्या वेळी तीनशे एकोणचाळीस झाली. पाच-सातच उरली होती. ताईने माझ्या मफलरला हात घातला. "कान झाक, वारं लागेल."

"ताई, आता तोंड मिट," मी ओरडलो. अख्खा थवा उडाला आणि तलाव रिकामा झाला.

ताईने शांतपणे तक्ता काढला. 'पक्षी उडण्याचं कारण' या रकान्यात कुत्रा, होडी, ससाणा असे पर्याय छापलेले होते. तिने 'इतर'वर खूण केली आणि समोर सुवाच्य अक्षरात लिहिलं, "धाकटा भाऊ."