घसरत आलेली मोटारसायकल

दिवसभर इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून इस्त्रीवाल्याच्या पायांचे तुकडे पडायचे. त्यात दुकान चढाच्या माथ्यावर आणि घर पार पायथ्याशी. दुकानाशेजारच्या रिटायर हेडमास्तरांनी जुनी मोटारसायकल विकायची आहे म्हटलं, तेव्हा त्याच्या आधी त्याचे पायच हो म्हणाले.

गाडी मास्तरांच्या लग्नाआधीची. मास्तरीणबाई सोडल्या तर सगळे तिची तारीफ करतात, असं मास्तर म्हणाले. अट एकच, किक मारायची नाही. गियर टाकून, क्लच दाबून उतारावर सोडायची, वेग आला की क्लच सोडायचा. ती आपली आपण सुरू होते.

"घरी नेऊन वहिनींना दाखवा, मग ठरवा," मास्तर म्हणाले.

दुकान बंद करून तो निघाला. गियरबियर काय पडला देवाला ठाऊक, पण गाडी लोण्यासारखी धावली. ना धूर, ना खडखड. कितीतरी दिवसांनी त्याचे पाय निवांत होते. थेट दारात येऊन थांबला आणि बायकोला म्हणाला, "बघ, जुनी बांधणी. काही आवाज आला?"

बायकोने वाकून इंजिनाला हात लावला. गार.

"अहो, ही सुरूच झालेली नाही. तुम्ही नुसते घसरत आलात."

त्याने चिडून किक मारली. ती खाली गेली, वर काही आली नाही. मग अटीचा अर्थ कळला.

बायको म्हणाली, आत्ताच्या आत्ता परत देऊन या. तो ढकलत निघाला. गाडी होती म्हशीएवढी, आणि म्हैस निदान स्वतःच्या पायांनी चालते. अर्ध्या चढावर त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. चाकाखाली दगड लावून तो टेकला. वर कठड्याशी उभे असलेले मास्तर उत्साहाने हात हलवत होते. त्याने वर बघितलं, तेवढाच चढ अजून बाकी. खाली बघितलं, घर. परत द्यायची तर चढ होता, ठेवून घ्यायची तर उतार.

"घेतली, मास्तर," तो ओरडला आणि दगड काढला.

बायको दारातच उभी होती. तिने सगळं ऐकून घेतलं, गाडीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं.

"म्हणजे रोज सकाळी तुम्ही हिला वर न्यायचं आणि संध्याकाळी हिने तुम्हाला खाली आणायचं."

तो गाडीवरून उतरला नाही. सीट मात्र खरंच मऊ होती.