दुसऱ्याच्या मांडवाचा नारळ

"मालक चालले दिल्लीले, अन् बल्ल्या उचलाव आमी," तेजराम मांडवाची लाकडी बल्ली खांद्यावर घेता घेता पुटपुटला. त्याला वाटलं, कनातीपलीकडे कोणी नाही. पलीकडे राधाबाई पडद्यांच्या घड्या उलगडत बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. आठवडाभर त्या हेच करत होत्या.

लाखनीत हायवेला लागून मोतीलालांचं मंडप-बिछायतीचं दुकान. लग्न, तेरवी, गणपती, सभा, खुर्च्या त्यांच्याच. आठवड्यापूर्वी नागपूरहून एका लहानशा पक्षाचे दोन जण आले, चहा प्याले आणि मोतीलालांना लोकसभेचं तिकीट देऊन गेले. मोतीलालांनी ते मागितलं नव्हतं. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळं झालं, तरी खासदार दोन्ही जिल्ह्यांत मिळून एकच. आणि मोतीलालांनी तर शेजारच्या साकोलीच्या पुढे कधी मांडव टाकला नव्हता.

"मलेच काहून देल्लं असन?" त्यांनी जेवताना विचारलं, आंघोळीला जाताना विचारलं, एकदा झोपेतही विचारलं.

"तुमचा स्वभाव चांगला हाये," राधाबाई म्हणाल्या. स्वभावावर तिकीट मिळत नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण नवरा नवं जाकीट घालून आरशासमोर उभा होता, आणि इतका बावरलेला, इतका खूश होता, की पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. गावानंही गिळलं होतं. मोतीलालांच्याच विणकर समाजातले तुलाराम मास्तर मोठ्या पक्षाकडून उभे होते, निवडून येण्यासारखे. मुलीच्या लग्नाचा मांडव त्यांनी मोतीलालांशिवाय कोणाला सांगितला नव्हता. परवा बाजारात भेटले, तर "बरं हाये ना, दादा?" एवढंच म्हणून मास्तर पुढे निघून गेले.

आजची पंचाईत आणखी निराळी. या मैदानावर ज्या साहेबांची सभा होती, ते मास्तर आणि मोतीलाल दोघांच्याही विरोधात उभे. मांडव मात्र महिन्याआधीच ठरलेला.

"तेजरामले पाठवा. तुमी कायले जाता?" सकाळी राधाबाईंनी विचारलं होतं.

"सबद देल्ला हाये ना. पहिली बल्ली मीच गाडतो, मांडव कोनाचाही राहो."

बल्ली गाडायची, बुडाशी नारळ फोडायचा आणि म्हणायचं, "ज्याचा मांडव, त्याचं काम होवो." वधूपिता असो की पुढारी, हे वाक्य मोतीलालांनी कधी चुकवलं नाही. आज ते काय म्हणतील, या धास्तीनं तर राधाबाई सोबत आल्या होत्या.

खड्डा झाला. मोतीलालांनी जाकीट काढून खुर्चीला अडकवलं, बल्ली सरळ धरली. तेजरामनं माती ठोकली. मोतीलालांनी नारळ हातात घेतला आणि ते थांबले.

"काय झालं, मालक?"

"आता काय म्हनू गा? याइचं काम होवो म्हनलं, तं माहं काय?"

"मनातल्या मनात म्हना ना. नाव कोनाचंही घ्या."

तेवढ्यात जीप थांबली आणि साहेबांचा सगळा कारभार पाहणारे मधुकरराव उतरले. हा आता भांडणार, म्हणून राधाबाई उठल्या. मधुकररावांनी मोतीलालांना मिठीच मारली.

"वा उमेदवार, वा! फिराले गाडी हाये का? नसन तं एक पाठवतो. भोंगाही घेऊन जा."

"भोंगा तं तुमीच माह्याकडून नेता जी."

"तेच तं! भाडं आमचं, भाषन तुमचं. मोहाडीकडे जास्त फिरा. तिकडच्या तुमच्या समाजात तुमचा सबद चालते. अन् उद्या अर्ज वापस घ्याचा शेवटचा दिवस हाये, तं भंडाऱ्याकडे फिरकूच नोका."

"पन मधुकरराव, मी तुमच्या साहेबाच्या विरोधात उभा हावो ना?"

मधुकरराव हसले, मग खोकले, मग न वाजलेला फोन कानाला लावून जीपकडे गेले.

मोतीलालांनी तेजरामकडे पाहिलं. तेजराम दोरीची गाठ सोडवत बसला. दोरीला गाठ नव्हती. त्यांनी राधाबाईंकडे पाहिलं. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर पाहिलं होतं तसंच, काहीच न समजल्यासारखं.

"राधे, हा मानूस मले गाडी काहून देऊन राहिला?"

राधाबाई जवळ आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातला नारळ काढून घेतला, आणि त्याच्या कपाळाला लागलेली माती पदरानं पुसली.

"तुमाले जिताले उभं नाही केलं जी," त्या हळूच म्हणाल्या. "तुलाराम मास्तरचे मतं तोडाले उभं केलं. नारळ कायले फोडता? याइचं काम तं तुमीच करून राहिले."