खोट्या मांडवातला धवला

ते लग्न ठमाबाईला खरंच वाटलं, यात तिची काय चूक होती? करंजाड्याचा कल्पेश स्वतः गाडी घेऊन तिच्या दारात आला होता. त्याच्या आईबापाच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, ठमाबाईनेच म्हटले होते. तेव्हा आज टॉवर आहेत तिथे भाताची खाचरं होती. झावळ्यांचा मांडव उभा राहायचा, आणि धवलारणीच्या गाण्याशिवाय आगऱ्याच्या घरातलं लग्न लागायचं नाही. धवलारीण एकेका देवाला नावाने हाक मारून मांडवात बोलावते आणि नवरानवरीला आईबापाच्या नावासकट त्यांच्या पायाशी घालते. हे काम ठमाबाईला तिच्या सासूने दिलं होतं.

"काकी, विचुंब्याला एक लगीन हाय. घाईचा हाय. तुझ्याबिगर कोन नाय," कल्पेश म्हणाला, आणि ती निघाली.

विचुंब्याच्या हॉलमध्ये नवरा सत्तरीचा आणि नवरी विशीतली. ठमाबाईने मुलीला बाजूला घेतलं.

"पोरी, कोनाचा जोर हाय का तुझ्यावर?"

हेतल नावाची ती मुलगी हुंदके देऊन रडली. "मला कोणी नाही हो आजी. हे निदान घर तरी देतायत."

ठमाबाईला भरून आलं. तिने मुलीच्या आईचं नाव विचारलं, बापाचं विचारलं, गावदेवीचं विचारलं, आणि मुलीने सगळं धडाधडा सांगितलं. मग ती नेहमीसारखी डोळे मिटून गायली. त्यामुळे समोर किती मोबाईल उभे आहेत ते तिला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका बातम्यांच्या वाहिनीवर तिचा चेहरा झळकला. 'नातीच्या वयाच्या मुलीचा म्हाताऱ्याशी विवाह, लावून देणारी महिला कोण?' निवेदक तावातावाने ओरडत होता. संध्याकाळी ठमाबाई मासळी आणायला गेली तेव्हा शेजारच्या बाईने तिला पाहून पाठ फिरवली. मग गावातल्या आशालताचा फोन आला. तिची मुलगी पूर्वी हिचं लग्न रविवारी होतं आणि धवले ठमाबाईच म्हणणार होती.

"मावशी, रागावू नका. पण पाव्हने म्हणतात, असली बाई मांडवात नको."

ठमाबाईने फोन ठेवला आणि चूल पेटवली, पण भात टाकायला विसरली.

दोन दिवसांनी आशालता स्वतः आली, ती हसतच. "मावशी, नाटक व्हता तर आदी सांगायचं ना. आमी उगाच बोललो तुमाला. पाव्हने पन खूश हायत. म्हणतात, तीच धवलारीण पायजे." तिने मोबाईल पुढे धरला.

त्यात कल्पेशने टाकलेला व्हिडिओ होता. तो हसून हसून लाल झाला होता. "बघा मित्रांनो, या न्यूजवाल्यांना काहीही द्या, ते गिळतात. नवरा भाड्याचा, नवरी कामोठ्याची ॲक्ट्रेस, नावं खोटी. आणि आमची ठमाकाकी! सगळं माहीत असून काय ॲक्टिंग केली! एक नंबर!"

ठमाबाईने चपला पायात घातल्या आणि ती रिक्षाने थेट करंजाड्याला गेली.

कल्पेशने तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"मना काय म्हायती व्हता रं?"

"अगं काकी, लोक तुला शिव्या देत व्हते. मी तुला वाचवली. आता तू हिरोईन झालीस."

"मी खोटा धवला बोलले, आसा तू जगाला सांगितलास."

"मग काय फसली म्हणून सांगू? लोक हसतील तुला."

"हसू दे. मना हसलेला चालंल."

"एकदा उघडा केलेला झोल परत नाय उघडता येत, काकी. आन् आमचं भांडण न्यूजवाल्यांशी हाय, तुझ्याशी थोडीच?"

"न्यूजवाले दुसरी बातमी घेऊन बसले. मी कुठं जाऊ?"

त्याने खांदे उडवले आणि तिच्यासाठी सरबत मागवलं. सरबत यायच्या आत ती बाहेर पडली.

रविवारी ती आशालताच्या मांडवात गेली. पाटावर बसली, तांदळाचं ताट मांडीवर घेतलं आणि गप्प राहिली. बाया वाट बघत राहिल्या. आशालता दोनदा खाकरली. कोपऱ्यात लग्नाला आलेला कल्पेश मोबाईल धरून उभा होता. त्याची आई चंद्रावती बायकांत बसली होती.

"सुरू करा ना मावशी," आशालता म्हणाली.

"मी खोटी धवलारीण हाय ना? मंग माझ्या तोंडून देव कशाला यावेत?" ठमाबाई म्हणाली. "मी खऱ्या देवांना खोट्या नावांसमोर बोलवला. मना फसवला. कोनी फसवला तो हितं उभा हाय. त्यानं बोलल्याबिगर मी तोंड उघडनार नाय."

"काकी, हितं नको," कल्पेश पुटपुटला. "लगीन हाय पोरीचा."

भटजी घड्याळाकडे बघायला लागले. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली, तशी चंद्रावती उठली.

"कल्पेश, काकीला ठाव व्हता का नाय?"

"आई, घरी बोलू."

"माझ्या लग्नात हीच बोलली. तुझा बाप गेला. त्या लग्नाचा आता माझ्याकडं हिचा धवला तेवढा उरलाय. ही नाटकं करते, आसा तू सांगितलास. मंग माझा लगीन काय व्हता?"

कल्पेशचा मोबाईल खाली आला.

"तिला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"पाठीमागच्यांना ऐकू गेला नाय," ठमाबाई म्हणाली.

"तिला माहीत नव्हतं. आम्ही फसवलं तिला."

"आता भायेर जा. माझा धवला संपेस्तोवर मांडवात पाय ठेवायचा नाय."

त्याने आईकडे पाहिलं. चंद्रावतीने पदर सावरला आणि ती खाली बसली. तो गेला.

ठमाबाईने मूठभर तांदूळ उचलले आणि देवांना हाका मारायला लागली. आवाज रागाने थरथरत होता. तो थरथरू नये म्हणून तिने काहीच केलं नाही. बायांनी सूर धरला. एकामागून एक देव येत गेले. नवरीच्या नावाशी आली तशी ती मध्येच थांबली. या मुलीचं बारसं तिने पाहिलं होतं. तिच्या पाळण्यालाही हात लावला होता. तरी ती आशालताकडे वळली.

"हिचा नाव पूर्वीच ना? खरा?"

आशालताने मान खाली घातली. "हो मावशी."

"आन् बापाचा?"

आशालताने तेही सांगितलं. मग ठमाबाईने डोळे उघडे ठेवून पुढचा धवला म्हटला.