बजावणी न होता परत

हे २०१३ सालचं. तेव्हा मी कोर्टात वरिष्ठ लिपिक होते. साक्षीदारांची समन्सं माझ्या टेबलावरून निघत.

सातिवलीला एका गोदामाच्या टेम्पोने नरहरीला उडवलं, त्यात तो गेला; या गोष्टीला पाच वर्षं होऊन गेली होती. नरहरी आमच्याच गावचा, बागायतदार. माझ्या लग्नात मांडवाचे केळीचे खांब त्याने स्वतःच्या खांद्यावरून आणले होते. अपघात पाहिला तो एकट्या त्याच्या बायकोने, मथुराने. तिची साक्ष झाली तरच ड्रायव्हरला शिक्षा होणार होती.

समन्स निघालं. हवालदार आत्माराम ते तसंच परत घेऊन आला.

"मॅडम, घर नंबर ग्रामपंचायतीचा. आता महापालिका झाली, सगळे नंबर बदलले. या नंबरावर चार माळ्यांची बिल्डिंग आहे. मी काय लिफ्टमध्ये बसून मथुराबाई, मथुराबाई ओरडू?"

सगळे हसले. मीही हसले. शेरा पडला: 'साक्षीदार मिळून आली नाही.'

मथुरा रोज सकाळी स्टेशनच्या वाटेवर सोनचाफा विकायला बसे. मी तिची नेहमीची गिऱ्हाईक.

"सरोजिनीबाय, कोर्टाचा कागद कदी येल? मी दुपारची कुठं जात पन नाय. तो येल नि परत जाल म्हनून."

"येईल गं. घरीच येईल."

तिचं घर मला डोळे मिटून सापडलं असतं. पण समन्सवर पत्ता घालायचा तो पोलिसांच्या दोषारोपपत्रातलाच, असा नियम. पक्षकाराशी ओळख ठेवली म्हणून आमच्या एका कारकुनामागे चौकशी लागली होती. मी त्याच जुन्या नंबरावर आणखी तीनदा समन्स काढलं. तीनदा तोच शेरा आला. सरकारी वकिलांनी विचारलं नाही, साहेबांनी विचारलं नाही. शेवटी मथुराची साक्ष न होताच पुरावा बंद झाला आणि ड्रायव्हर सुटला.

निकालाची नक्कल घ्यायला मथुरा मुलीला, रुचिताला, घेऊन आली. रुचिताने माझ्या टेबलापाशीच वाचून दाखवलं: वारंवार समन्स काढूनही साक्षीदार मिळून आली नाही.

मथुरा माझ्याकडे बघत राहिली. "मी कुठं गेल्ते, बाय? कालच तर तुमी माझ्याकडनं फुलं घेतली."

मी रजिस्टर पुढे सरकवलं आणि नक्कल मिळाल्याची सही घेतली.

रुचिताने वर तक्रार केली. मग माझ्या घरी आली. "मावशी, एवढंच लिहून द्या की आमचं घर तुम्हाला माहीत होतं." माझ्या निवृत्तीला आठ महिने होते. बघते म्हणाले. ती पुन्हा आली, तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून राहिले आणि सुनेला सांगायला लावलं की आई घरी नाहीत.

तक्रारीला उत्तर आलं: कोणाही कर्मचाऱ्याचा कसूर दिसून येत नाही. आत्माराम फौजदार होऊन निवृत्त झाला. ड्रायव्हरने वालीवला स्वतःचा टेम्पो घेतला. मला निरोपाला शाल मिळाली. सेवेत एकही ठपका नाही, असं साहेब म्हणाले. रुचिता आता बोळिंजला राहते. मी दिसले की रस्ता ओलांडते. मथुरा २०२१ साली गेली. सातिवलीच्या रस्त्यावर तिने काय पाहिलं ते कोर्टाने ऐकलं नाही. मीही इतकी वर्षं रोज सकाळी तिच्यासमोर उभी राहिले, पण कधी विचारलं नाही.