काळ्या बाटलीतला श्वास

मी एक जुनी काचेची बाटली आहे, पण मित्रांनो, माझ्या आरपार तुम्हाला काहीच दिसणार नाही. गळ्यापासून बुडापर्यंत मला काळी पट्टी गुंडाळलेली आहे. मला बोलायची फारशी सवय नाही. काही राहून गेले, तर सांभाळून घ्या.

ठाण्याच्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी नवी कोरी आले. पाण्याचा श्वास मोजणे हे माझे काम. उजेडात पाण्यातले शेवाळ प्राणवायू तयार करते. माझ्या पोटात मात्र कायमचा काळोख! तिथे कोणी काही तयार करत नाही, सगळे जीव फक्त श्वास घेतात. दिवसभराने किती प्राणवायू उरला, ते पाहायचे. म्हणजे भर दुपारी मी खाडीची रात्र होते!

आणि काय अद्भुत असतो हा श्वास! मासे, खेकडे, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू, सगळे अन्न खातात, प्राणवायू घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. खाल्लेल्यातले नत्र आणि स्फुरद पाण्यात परत येते, त्यावर नवे शेवाळ वाढते, शेवाळावर पुन्हा जीव पोसतात. भर समुद्रात तर मेलेले शेवाळ खोल खोल बुडते. तिथले जिवाणू ते खातात, आणि त्यांनी सोडलेला कार्बन शेकडो वर्षे त्या खोल पाण्यातच राहतो. एवढ्याशा श्वासांवर एवढा मोठा कारभार! आठवले की माझी काच अजून शहारते.

पुढे मीटर आले. पाण्यात बुडवले की आकडा हजर. मी आणि माझी जुळी बहीण कपाटात गेलो, धूळ खात बसलो.

गेल्या गणपतीनंतर मीटर बिघडला आणि शिक्षिका नीलाबाईंनी कपाट उघडले. आम्ही सकाळीच निघालो कोलशेतच्या खाडीवर, पाणी तपासायला! गोमाजी आणि चंद्रभागा हे कोळी जोडपे पहिल्यांदाच पिंजऱ्यात जिताडा मासा पाळणार होते. पिल्ले टपात आणून ठेवली होती. ही पिल्ले जगली नाहीत तर होडी विकायची, असे घरात ठरले होते.

गोमाजीने पिंजरा बांधला होता तो नेमका वळणावर, जिथे लोक निर्माल्य टाकतात.

"देवाची फुलं पडतात बाई. माशांच्या पोरांना आयतं खायला मिलेल!"

"दादा, संध्याकाळपर्यंत पिंजरा रिकामाच राहू द्या," नीलाबाई म्हणाल्या. तिथले पाणी भरून, बूच लावून त्यांनी मला तिथेच दोरीने सोडले. बहिणीला खाडीच्या तोंडाशी, भरतीच्या वाहत्या पाण्यात.

संध्याकाळी होडीतच बाईंनी आमच्यात औषधाचे थेंब घातले, पुन्हा बुचे लावली, हलवले आणि काळ्या पट्ट्या सोडल्या. बहिणीत तपकिरी साका बसला. माझ्यात पांढराशुभ्र!

गोमाजीने टाळी वाजवली. "दुधासारखं! बघ गो, आपली जागा पास! ती दुसरी बघ, कशी गढूळ."

मलाही अभिमानच वाटला; इतकी वर्षे कपाटात राहून मी रंगांचा अर्थ विसरले होते. पण नीलाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"दादा, उलटं आहे हे. तपकिरी म्हणजे प्राणवायू आहे. पांढरं म्हणजे उरलेलाच नाही. कुजणाऱ्या फुलांवर जिवाणू वाढले, त्यांनी सगळा संपवला. दिवसा शेवाळ वेळ मारून नेतं. रात्री कोण देणार?"

चंद्रभागाने टपाकडे पाहिले. "मंग माझी पोरं रातचं घुसमटून मेली असती?"

"देवाची फुलं गो ती..." गोमाजी पुटपुटला.

"देवानं सांगितलेलं काय, माझी फुलं खाडीत कुजवा म्हणून? सोडा दोर! का मुहूर्त बघता आता?"

अंधार पडायच्या आत दोघांनी पिंजरा ओढत ओढत खाडीच्या तोंडाशी नेला आणि मगच पिल्ले सोडली. तिथले पाणी माझ्यात भरायचे म्हणून दुसऱ्या दिवशी नीलाबाई पहाटेच मला घेऊन आल्या. चंद्रभागाने मूठभर खाद्य टाकले. पाणी तसेच स्तब्ध. गोमाजीने डोळे मिटून घेतले. आणि मग काय! सगळा पिंजरा खळबळून उठला, शेपट्यांचे पाणी थेट त्याच्या तोंडावर!

"हायत गो! सगली हायत!" तो होडीत नाचायला लागला, आणि चंद्रभागा ओरडली, "अवो, बसा! होडी बुडवाल!"

मित्रांनो, घरचे निर्माल्य कुंडीतल्या मातीत घाला, झाड ते आनंदाने खाईल. खाडीवर मात्र रिकाम्या हाताने या. पाणी शांत दिसले, तरी खाली कोणीतरी श्वास घेत असते. त्याच्या वाट्याचा प्राणवायू त्याला राहू द्या.