कानाजवळची धार

चंपाषष्ठीच्या सकाळी मसाजीनं एडका स्वतःच्या हातानं निवडला. काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका, पाठीवर बोटं रुततील एवढी दाट लोकर. कातरणी अजून व्हायची होती. सेनगावच्या बाजारात अशा एडक्याभोवती माणसं थांबतात, हे मसाजीला पुरतं ठाऊक होतं.

वाडीत त्याच्या घराण्याला एक मान होता. खंडोबाच्या ओट्यावर मेंढक्यांची तळी उचलतात. भंडारा-खोबऱ्यानं भरलेलं पितळी ताट पाचजणांनी धरायचं. त्यात देवाच्या उजव्या अंगाचा पहिला हात मसाजीच्या घरचा. आजाचा होता, बापाचा होता, मग त्याचा. यंदा पावसाळ्यात ओढ्याच्या दरडीवरून पडून त्याचा खांदा गेला. हात छातीच्या वर जाईना. मुलगा नव्हता. एकुलती लेक साधना, आणि पुतण्या प्रभू, जो कळमनुरीला जीप चालवायचा.

"तुमचा खांदा गेल्यापासून कळप मी राखून राहिले, आबा," साधना दिवाळीतच म्हणाली होती. "लांडगा आला तवा काठी घेऊन मीच धावले. मंग तळीला माझा हात काहून न्हाई?"

लांडग्याची गोष्ट मसाजीनंच पारावर छाती फुगवून सांगितली होती, आणि दर वेळी लांडगा थोडा वाढवला होता. तळीचं नाव निघालं की मात्र त्याचा आवाज बदले.

"बाईचा हात देवाला चालत न्हाई."

"देव बोलला का तसं?" भाकरी थापता थापता त्याच्या बायकोनं, बनाबाईनं विचारलं.

"इचारू की त्यालाच. एडका सांगंल."

विचारायची रीत जुनी होती. एडका ओट्यासमोर उभा करायचा, प्रश्न मोठ्यानं बोलायचा आणि तांब्यातलं पाणी त्याच्या अंगावर सोडायचं. एडक्यानं अंग झाडलं तर होकार, गप उभा राहिला तर नकार. पाणी सोडायचा मानही मसाजीचाच. कळप कुठल्या शिवारात न्यायचा, कुणाशी सोयरीक करायची, सगळं त्याच धारेवर ठरत आलेलं.

चंपाषष्ठीला ओट्यासमोर वाडी जमली. म्हातारा जळबा शिंगं धरून उभा राहिला. मसाजीनं डोळे मिटून विचारलं, "देवा, पहिला हात साधनाला द्यावा का?" आणि डाव्या हातानं एडक्याच्या पाठीवर पाणी सोडलं. लोकरीनं ते पिऊन टाकलं. एडका रवंथ करत राहिला.

"न्हाई म्हणला," मसाजी म्हणाला. त्याला हलकं वाटलं.

साधना पुढं झाली. तिनं ओढणीनं एडक्याची पाठ टिपली, त्याला गारठा बाधू नये म्हणून, आणि मागं सरली.

मसाजीनं तांब्या पुन्हा उचलला. "देवा, पहिला हात प्रभूला द्यावा का?" पाणी सांडणार, एवढ्यात त्याची नजर स्वतःच्या हातावर गेली. हात पाठीवर नव्हता. एडक्याच्या कानावर होता, जिथं लोकर नसते.

तो थबकला. कानात पाणी गेलं की कुठलंही मेंढरू अंग झाडतं, हे धनगराच्या लेकराला चालायच्या आधी कळतं. मसाजीला कळत नव्हतं असं थोडंच होतं? साधनाला मागणी आली तेव्हा ती माणसं त्याच्या मनात भरली नव्हती. पाणी पाठीवर पडलं होतं. कळप पैनगंगेकाठी न्यायची त्यालाच हौस होती, तेव्हा कानाजवळ. ठरवून त्यानं एकदाही केलं नव्हतं. देवाचं आणि आपलं मत इतकं कसं जुळतं, याचा त्याला आजवर अभिमानच वाटत आला होता.

धार सोडली असती तर कुणाला कळलं नसतं. पण आजानं चुकून आलेलं दुसऱ्याचं मेंढरू कधी आपल्या वाड्यात ठेवून घेतलं नव्हतं. त्या घरचा माणूस देवाचा होकार असा ठेवून घेणार?

"थांबा," मसाजी म्हणाला. "देव अजून बोललाच न्हाई. मीच बोलून राहिलो व्हतो."

"म्हंजी?" जळबानं विचारलं.

मसाजीनं सगळं सांगितलं, मान खाली न घालता. वाडी कुजबुजली.

"मंग आजवरचे कौल, मसाजी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"देवाचे किती आन् माझे किती, मला ठावं न्हाई. देव बराबर हाय. हात माझा वाकडा हाय."

मग त्यानं साधनाचं नाव घेऊन कानाजवळ धार सोडली. एडक्यानं असं अंग झाडलं की जळबा दोन पावलं मागं गेला. प्रभूचं नाव घेऊन पुन्हा तिथंच सोडली. पुन्हा तेच.

प्रभू नव्या सदऱ्यावरचं पाणी पुसत म्हणाला, "काका, असं इचारलं तर एडका माझ्या सासूलाबी व्हय म्हणंल!"

ओटा हसला. जळबा मात्र हसला नाही. "मंग ठरवायचं कुणी?"

"मी," मसाजी म्हणाला. "आन् आता ते देवाच्या नावावर घालणार न्हाई. ही तळी मेंढक्यांची. आजाला पहिला हात मिळाला तो कळप राखत व्हता म्हणून. आज कळप साधना राखते. प्रभू, तू तिच्या बाजूला लाग."

"लागतो की. लांडग्याच्या वक्ताला मी जीपमधी व्हतो."

"आधी मला इचारलं असतं," बनाबाई म्हणाली, "तर पाणी तरी वाचलं असतं."

साधनानं ओढणी कमरेला खोचली आणि देवाच्या उजव्या अंगाला ताट धरलं. "येळकोट येळकोट!" तळी उठली. तिच्या बाजूला ताट तसूभरही कललं नाही. मसाजीचा हात छातीपाशीच अडकला, पण आवाज सगळ्यांच्या वर गेला: "जय मल्हार!" भंडारा उधळला. लेकीचे केस पिवळे झाले. "माझी हाय ती," शेजारच्याला तो म्हणाला. शेजारी तिला जन्मापासून ओळखत होता.

ओट्याखाली एडक्यानं पुन्हा एकदा अंग झाडलं. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.